जुने नाणे हाती आल्यावर

राजघराण्यांची जुनी नाणी जमवायचे मनात आले की बहुतेकांची नजर आधी सोन्यावर जाते. समुद्रगुप्त वीणा वाजवताना दाखवणारी मुद्रा, देवगिरीच्या यादवांचा पद्मटंक, शिवछत्रपतींचा होन यांची छायाचित्रे पाहिली की तसे होणारच. तरीही नव्या संग्राहकाला माझा सल्ला वेगळा असतो. सुरुवात चांदीच्या, तीही जेमतेम दोन ग्रॅम वजनाच्या नाण्यापासून करावी. पश्चिम क्षत्रपांची नाणी त्यासाठी उत्तम. ती बऱ्यापैकी मिळतात, सोन्याच्या मानाने स्वस्त असतात आणि दीड सेंटीमीटरच्या त्या चकतीवर राजाचे नाव, त्याच्या बापाचे नाव, दोघांच्या पदव्या आणि साल असा सगळा मजकूर असतो. प्राचीन भारतातल्या फार थोड्या नाण्यांवर एवढे लिहिलेले सापडते. पहिलेच नाणे असे असले की नाणे नुसते पाहण्याऐवजी वाचण्याची सवय लागते आणि पुढची सगळी वाटचाल त्या सवयीवर चालते.

असे नाणे कडेने दोन बोटांत धरावे आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली घ्यावे. दर्शनी बाजूला राजाचा चेहरा, उजवीकडे पाहणारा. मिशी, कानापर्यंत आलेले केस, डोक्यावर घट्ट बसलेली टोपी. चेहऱ्याभोवती काही रेघोट्या दिसतात. ती मुळात ग्रीक अक्षरे. क्षत्रप नहपानाच्या काळी ती वाचता येत होती, पुढच्या ठसे कोरणाऱ्यांना ती लिपी येत नव्हती, त्यामुळे ती नक्षी होऊन बसली. डोक्याच्या मागे, मानेपासून वर, दोन-तीन खुणा एकाखाली एक असतात. ते साल. ब्राह्मी अंकांत तेव्हा स्थानमूल्य नव्हते, म्हणजे शंभराला एक चिन्ह, दोनशेला त्यात थोडा बदल, वीस, तीस, सत्तर यांना प्रत्येकी वेगळे चिन्ह आणि शेवटी एकक. म्हणून दोनशे अठ्ठ्याहत्तर लिहायला तीनच चिन्हे लागतात : दोनशेचे, सत्तरचे आणि आठचे. हे साल शकातले, आणि हा शक आपल्या पंचांगातला आणि लग्नपत्रिकेतलाच. त्यात ७८ मिळवले की इसवी सन. शके २७८ म्हणजे इ.स. ३५६, म्हणजेच तिसऱ्या रुद्रसेनाचा काळ. नाण्यावरचा शक आणि घरातल्या कालनिर्णयावरचा शक एकच आहे हे पहिल्यांदा लक्षात येते तेव्हा नाणे एकदम जवळचे वाटू लागते.

मागच्या बाजूला मधोमध तीन कमानींचा डोंगर, त्याखाली नागमोडी रेघ म्हणजे नदी, वर चंद्रकोर, बाजूला सूर्य आणि चंद्र. भोवती ब्राह्मी लिपीतला लेख. त्याची मांडणी ठरलेली असते. पहिल्या रुद्रसिंहाच्या नाण्यावर साधारण असे वाचायला मिळते : राज्ञो महाक्षत्रपस रुद्रदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसीहस. म्हणजे रुद्रदामाचा मुलगा रुद्रसिंह याचे हे नाणे. ‘महाक्षत्रप’ हा थोरला आणि ‘क्षत्रप’ हा त्याच्या हाताखालचा, बहुधा पुढे गादीवर येणारा. एकाच माणसाच्या एका सालच्या नाण्यावर ‘क्षत्रप’ आणि काही वर्षांनंतरच्या नाण्यावर ‘महाक्षत्रप’ असे दिसले, तर मधल्या वर्षांत त्याची बढती झाली हे उघड. बाप-मुलांची नावे आणि साले यांच्या या मेळातून इतिहासकारांनी क्षत्रपांची वंशावळ जवळजवळ पिढीवार लावली. पोथ्यांनी हे काम कधीच केले नसते. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांचा प्रदेश जिंकला, तेव्हा त्याने तिथल्या लोकांच्या हातात बसलेला हाच नमुना ठेवला. तोच आकार, तोच चेहरा, फक्त मागचा डोंगर काढून तिथे गुप्तांचा गरुड आणला. क्षत्रपांचे आणि चंद्रगुप्ताचे अशी दोन नाणी शेजारी ठेवली की एक राज्य गेले आणि दुसरे आले ते तळहातावर दिसते.

क्षत्रपांची लिपी थोडी ओळखीची झाली की पुढची पायरी रुपयाची. शेरशाह सूराने चांदीचा जो रुपया चालवला त्याचे वजन १७८ ग्रेन, म्हणजे साधारण साडेअकरा ग्रॅम होते. मुघलांनी ते उचलले, मराठ्यांनी आणि इतर संस्थानिकांनीही पुढे चालवले. त्यामुळे वजनाचा एक धागा तीनशे वर्षे सलग सापडतो. या रुपयांची घडण समजून घेतल्याशिवाय ते वाचता येत नाहीत. टांकसाळीत खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला असे, त्यावर वजन करून घेतलेली चांदीची चकती, तिच्यावर वरचा ठसा आणि मग घणाचा घाव. ठसा मोठा आणि चकती लहान असल्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर उमटणे जवळजवळ अशक्य. एका रुपयावर बादशहाच्या नावाचा अर्धा भाग येतो, दुसऱ्यावर टांकसाळीचे नाव खाली कापले जाते, तिसऱ्यावर सालाचा शेवटचा अंक चकतीबाहेर राहतो. टांकसाळ आणि साल दोन्ही पूर्ण आलेला रुपया म्हणूनच महाग मिळतो. चांदी मात्र पूर्ण आणि अपुऱ्या मजकुराच्या रुपयांत सारखीच असते.

मागच्या बाजूला फारसी लिपीतला ‘जर्ब’ हा शब्द शोधावा. त्याच्यालगतचे नाव म्हणजे टांकसाळ. सुरत, बुऱ्हाणपूर, औरंगाबाद, खुजिस्ता बुनियाद (हेही औरंगाबादच) ही नावे आपल्याकडे वारंवार भेटतात. ‘जुलूस’ या शब्दाजवळ राज्यारोहणापासूनचे वर्ष असते आणि पुढच्या बाजूला बहुधा हिजरी साल. हिजरीचे इसवी करायला सोपी रीत आहे : हिजरी सालाला ०.९७ने गुणावे आणि ६२२ मिळवावेत. औरंगजेबाच्या रुपयावर १११५ असले, तर गुणाकार १०८१ आणि थोडे वर, त्यात ६२२, म्हणजे इ.स. १७०३-०४. आता ताळा करून पाहायचा. औरंगजेबाची राज्यवर्षे हिजरी १०६८च्या रमजानपासून मोजली जात, म्हणून १११५ या सालाबरोबर राज्यवर्ष ४७ किंवा ४८ यायला हवे. तिथे १२ आले, तर एकतर आपण अंक चुकीचे वाचले किंवा नाणे खोटे आहे. खोटे ठसे कोरणाऱ्याला हा ताळा सहसा माहीत नसतो. नवख्या संग्राहकाच्या हातातले हे सर्वांत स्वस्त आणि खात्रीचे हत्यार आहे.

राज्यवर्षाचा प्रश्न त्या काळी लोकांच्या खिशाशीही जोडलेला होता. चालू वर्षाचा ताजा रुपया पूर्ण किमतीला जाई. साल जुने झाले की सराफ त्यावर बट्टा कापत. दुसऱ्या टांकसाळीचा असला तर आणखी. अनेक रुपयांवर लहान लहान टाचे मारलेले दिसतात ते या सराफांचेच, आत तांबे तर नाही ना हे तपासण्यासाठी किंवा आपल्याकडून गेल्याची खूण म्हणून. काही संग्राहक असे नाणे ‘खराब’ म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही. तो टाचा म्हणजे नाणे बाजारात हिंडल्याचा पुरावा आहे.

मराठ्यांच्या रुपयांत नवख्यांची हमखास गडबड होते, कारण त्यांवर नाव दिल्लीच्या बादशहाचे असते, बहुतेकदा दुसऱ्या आलमगीराचे किंवा दुसऱ्या शाह आलमचे. व्यापारात चालायचे तर ओळखीचा मजकूर हवा, म्हणून तो तसाच ठेवला गेला. नाणे मराठ्यांचे हे ठरते ते खुणेवरून. पुण्याच्या रुपयावर अंकुश असे, त्यावरून ‘अंकुशी रुपया’ हे नाव पडले आणि टांकसाळीचे नाव फारसीत मुहियाबाद पुणे असे येई. चांदवडचा तो चांदोरी. एकट्या पेशवाईत एवढ्या टांकसाळी चालत होत्या, काही सरकारी, काही सरदारांच्या, काही सावकारांनी परवान्यावर चालवलेल्या, की त्यांची उकल करायला के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांना एक अख्खा ग्रंथ लिहावा लागला. तो १९८९मध्ये निघाला आणि मराठी नाण्यांचा संग्रह करणाऱ्याला आजही त्यावाचून गत्यंतर नाही. १८३५मध्ये कंपनी सरकारने सगळ्या इलाख्यांत एकच रुपया चालू केला. त्यानंतर जुने रुपये ढीगच्या ढीग वितळले गेले. दोनशे-अडीचशे वर्षांचाच रुपया काही टांकसाळींच्या बाबतीत हजार वर्षांच्या नाण्याहून दुर्मीळ का, त्याचे उत्तर या वितळणीत आहे.

आता तपासणीचा भाग, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. नाणी खोटी निघण्याचे प्रमाण मोठे आहे आणि घरबसल्या बरेच काही कळू शकते.

पहिले वजन. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा कुठेही मिळतो. प्रत्येक राजवटीचे वजनाचे माप ठरलेले होते : चांदीचे आहत, म्हणजे छोटे छोटे ठसे मारलेले, नाणे बत्तीस रतींचे, म्हणजे साधारण ३.४ ग्रॅम, क्षत्रपांचे सुमारे २, विजयनगरचा वराह सुमारे ३.४, यादवांचा पद्मटंक पावणेचारच्या आसपास, मुघलांची मोहोर अकराच्या आसपास. झिजेने वजन थोडे घटते, वाढत मात्र नाही. मापापेक्षा जड नाणे हाती आले की सावध व्हावे.

दुसरी कसोटी विशिष्ट गुरुत्वाची. एका पेल्यात पाणी घेऊन तो काट्यावर ठेवावा आणि काटा शून्यावर आणावा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही असे हातात धरावे. काटा आता जे वजन दाखवतो ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे. कोरड्या नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागायचे. समजा, रुपयाचे कोरडे वजन ११.४४ ग्रॅम आहे आणि पाण्यात काट्याने १.११ दाखवले. भागाकार १०.३ येतो. शुद्ध चांदीचा आकडा १०.५, तांब्याचा ९च्या किंचित खाली, तेव्हा थोडे तांबे मिसळलेल्या चांगल्या चांदीला १०.३ अगदी जुळतो. तोच रुपया जर्मन सिल्व्हरचा असता, तर काटा १.३०च्या पुढे गेला असता. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा चुकतो, म्हणून पाण्यात साबणाच्या द्रावणाचा एक थेंब टाकावा.

या रीतीला मर्यादा आहे, तीही समजून घ्यावी. १.११च्या जागी काट्याने १.१० किंवा १.१२ दाखवले तरी उत्तर १०.४ ते १०.२च्या दरम्यान राहते, म्हणजे काम भागते. पण दोन ग्रॅमच्या क्षत्रप नाण्याने सारलेले पाणी जेमतेम ०.१९ ग्रॅम असते. तिथे शेवटचा अंक एकाने हलला की उत्तर अर्ध्याने हलते आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. लहान नाण्यांसाठी ग्रॅमचा हजारावा भाग दाखवणारा काटाच हवा. जमिनीतून आलेली, पुटे चढलेली किंवा तडा गेलेली नाणी तर पाण्यात घालूच नयेत. जुनी चांदी काळाने ठिसूळ होते. अठराशे वर्षांचे नाणे हातातून फरशीवर पडले तर त्याचे दोन तुकडे होऊ शकतात.

सोन्याच्या बाबतीत पुष्कळजण नाणे थेट सराफाकडे नेतात. सराफ कसोटीच्या दगडावर घासून कस पाहतो आणि नाण्यावर कायमचा ओरखडा उठतो. हे करू नये. आता बऱ्याच सराफांकडे क्ष-किरणांचे यंत्र असते, त्याने नाण्याला इजा होत नाही. मात्र ते यंत्र पृष्ठभागापुरतेच सांगते, आत काय आहे ते नाही. कसाचा अर्थ लावायलाही इतिहास लागतो. कुषाणांचे सोने चांगल्या कसाचे होते. गुप्तांच्या काळी स्कंदगुप्तापासून वजन वाढवून साधारण सव्वानऊ ग्रॅमपर्यंत नेले गेले, आणि त्या जड नाण्यांत सोन्याचा कस मात्र उतरत गेला. म्हणून शेवटच्या गुप्त राजाचे नाणे चोवीस कॅरटचे निघाले, तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्यावी.

भिंगाखाली काय पाहायचे? साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्याची अक्षरे मेणासारखी बोथट असतात, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खळगे दिसतात आणि कडेला दोन साच्यांचा जोड घासून पुसल्याची रेघ असते. खऱ्या नाण्यावर घाव बसलेला असतो, त्यामुळे धातू बाहेरच्या बाजूला ताणला जातो, कडा किंचित फाटतात, अक्षरांच्या बाजूंना धार असते. खोटा ठसा कोरून पाडलेली नाणी ओळखणे याहून अवघड. तिथे लिपी आणि मजकूर कामाला येतात, आणि दुसरी एक गोष्ट : विक्रेत्याकडे एकाच ठशाची, एकाच जागी सरकलेली, एकाच जागी तडा गेलेली दोन नाणी दिसली तर ती दोन्ही खोटी.

दोन प्रकारच्या नाण्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवे, कारण त्यांपायी महाराष्ट्रात लोकांचे पैसे बुडतात. पहिला प्रकार म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ किंवा तसलेच साल आणि वर राम-सीता, हनुमान किंवा कमळ असलेली नाणी. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. ती अलीकडच्या काळात विक्रीसाठी बनवलेली आहेत आणि ‘तांदूळ ओढणारे’, ‘विजेच्या शक्तीचे’ अशा थापा मारून विकली जातात. कुठल्याही नाण्याच्या अंगी असली शक्ती नसते. दुसरा प्रकार शिवछत्रपतींच्या होनाचा. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४मध्ये, पाडलेल्या या सोन्याच्या नाण्यावर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असे असून वजन सुमारे २.८ ग्रॅम आहे. आज अस्सल म्हणून मान्य असलेले होन अगदी मोजके आहेत, आणि खोट्यांची संख्या त्यांच्या कित्येक पट. महाराजांविषयीच्या प्रेमावर हा बाजार चालतो, याचा मला मनापासून राग येतो. होन पाहायचा तर संग्रहालयात पाहावा. कुणी ओळखीने, घाईने, कमी किमतीत देऊ करत असेल तर नमस्कार करून निघावे. महाराजांचे अस्सल नाणे हवेच असेल तर तांब्याच्या शिवराया आहेत. शिवराई पुढे दीर्घकाळ पाडली गेली, त्यामुळे तीही जाणत्याला दाखवून घ्यावी, पण ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे.

सोन्याकडे जायचे ते एवढी तयारी झाल्यावर. महाराष्ट्र-गोव्याच्या माणसाला दोन नाणी विशेष जवळची वाटतील. यादवांचा पद्मटंक वाटीसारखा खोलगट असतो. सोन्याच्या चकतीवर एकाच बाजूने वेगवेगळे ठसे मारलेले असतात : मध्ये कमळ, कडेने श्री, शंख आणि राजाचे नाव. मागची बाजू कोरी. घाव एकाच बाजूने बसल्यामुळे चकती खोलगट झालेली. सिंघण, कृष्ण, महादेव, रामचंद्र अशी नावे या नाण्यांवर वाचता येतात. दुसरे गोव्याच्या कदंबांचे गद्याण, त्यावर डौलदार सिंह आणि लेखात सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख. हाच तो नार्व्याचा सप्तकोटीश्वर, ज्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी केला. सोन्याच्या नाण्यांना कडी लावून ती गळ्यात घालायची आपल्याकडे जुनी रीत आहे, म्हणून वरच्या कडेला डाग काढल्याची, घासल्याची किंवा भोक बुजवल्याची खूण आहे का ते आवर्जून पाहावे. तशी खूण असली की किंमत उतरते. अभ्यासाला मात्र असे नाणे तितकेच उपयोगी, आणि मर्यादित पैशात सोन्याचे नाणे घ्यायचे तर हा मार्ग मी सुचवीन.

आतापर्यंत एकेका नाण्याबद्दल बोललो. नाण्याची खरी बोलकी अवस्था मात्र ते ज्या हंड्यात सापडले त्या हंड्यातली. १९०६मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यातली तेरा हजारांहून अधिक नाणी तपासली गेली आणि सगळी क्षत्रप नहपानाची निघाली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांचा डोंगर आणि मागे उज्जैन चिन्ह. पांडवलेणीतल्या गौतमी बलश्रीच्या लेखात, आपल्या मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निखंदून काढला असे म्हटले आहे. राजघराण्याची स्तुती म्हणून ते वाक्य सोडून देता आले असते. जोगळटेंभीच्या हंड्याने ती सोय ठेवली नाही. विचार करा, ही नाणी गावात वाटली गेली असती, दहावीस सोनारांकडे वितळली असती आणि उरलेली पन्नास पन्नास ठिकाणी विकली गेली असती, तर पुन्हा ठसा मारलेले एखादे नाणे केवळ ‘विचित्र नमुना’ म्हणून कुणाच्या तरी संग्रहात पडून राहिले असते.

१९४६मध्ये भरतपूर संस्थानात बयाण्याजवळ गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यांचा असाच मोठा साठा निघाला. त्यातली १८२१ नाणी अभ्यासासाठी हाती आली, काही तोवर नाहीशी झाली होती. कोल्हापूरकडचे डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनी त्यांची सूची केली. दुसऱ्या चंद्रगुप्ताचे ‘चक्रविक्रम’ प्रकारचे नाणे तोवर कुणी पाहिलेले नव्हते. ते याच हंड्यात मिळाले, तेही एकच. नाहीशा झालेल्यांत आणखी काय होते हे आता कधीही कळणार नाही.

म्हणून कायदा काय म्हणतो ते संग्राहकाला ठाऊक हवे. जमिनीत सापडलेल्या धनाचा कायदा १८७८चा आहे. दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचे असे धन सापडले, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास आपला वाटा जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण कळवले म्हणजे सगळे सरकारजमा होते हा समज बरोबर नाही. ज्या धनाला मालक नाही, त्यात दुसरा काही करार नसेल तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा ठरतो. सरकारला ते ठेवून घ्यायचे असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश द्यावा लागतो. ही रक्कम नाण्यांच्या बाजारभावापुढे तोकडी आहे, आणि लोक हंडे लपवतात त्याचे मोठे कारण हेच, असे माझे मत आहे. कायद्यात ही दुरुस्ती व्हायला हवी. ती होईपर्यंत असलेला कायदा पाळला पाहिजे.

दुसरा कायदा १९७२चा, पुरावशेषांचा. शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. अमेरिकेत किंवा दुबईत स्थायिक झालेल्या मुला-मुलींना आजोबांच्या ठेव्यातली मोहोर किंवा चांदीचे रुपये सामानात घालून देणारी मंडळी आहेत. त्यांनी हे ध्यानात घ्यावे : निर्यातीच्या गुन्ह्याला किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैदेची तरतूद आहे.

खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा लिलावगृहातून करावी, पावती घ्यावी, पावतीवर नाण्याचे वर्णन आणि वजन लिहून घ्यावे. पुण्याच्या कॉइनेक्ससारख्या प्रदर्शनांत नाणी हाताळायला मिळतात, जाणत्यांशी बोलता येते. तिथे पहिल्या फेरीत काहीही विकत घेऊ नये, नुसते पाहावे. घरी आलेल्या प्रत्येक नाण्याची वहीत नोंद हवी : क्रमांक, राजा, टांकसाळ, साल, वजन, व्यास, कुणाकडून, कधी, किती रुपयांना आणि मूळ कुठल्या भागातून आले असे विक्रेता म्हणतो ते. शेवटची नोंद बहुतेकजण गाळतात, आणि संशोधकाला नेमकी तीच हवी असते.

नाणे स्वच्छ करायचा मोह आवरावा. चिंच, पितांबरी, दंतमंजन, सोनाराचे तेजाब, यांतल्या कशानेही नाणे चकचकीत होईल आणि त्याचबरोबर त्याची अक्षरे, त्याची पुटे आणि निम्मी किंमत जाईल. चांदीवर चढलेला काळसर-निळा रंग नाण्याला राखतो. मऊ, वासाच्या पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांतून काही वर्षांनी चिकट हिरवट थर सुटतो, म्हणून पॉलिएस्टरची पाकिटे किंवा आम्लरहित कागदाचे लिफाफे वापरावेत. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या बदलत राहाव्यात.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना अंजनेरीला भारतीय मुद्रा संशोधन संस्था आहे. १९८०मध्ये डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी ती उभी केली. नाण्यांचा अभ्यास आणि प्रशिक्षण हेच तिचे काम, आणि तिथे नाण्यांचे संग्रहालयही आहे. मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ, नागपुरात विदर्भातल्या साठ्यांतली नाणी जपणारे मध्यवर्ती संग्रहालय, अशा जागा आपल्या हाताशी आहेत. पहिले नाणे विकत घेण्याआधी यांतल्या एका ठिकाणी पूर्ण दिवस घालवा. आणि विहीर खणताना, जुना वाडा पाडताना कधी हंडा लागलाच, तर एकही नाणे न उचलता, न धुता, हंड्यासकट आहे तसा ठेवा आणि त्याच दिवशी तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.